वाँटन नूडल्स आणि मयेकर काकांची सही

मयत : श्री. दत्ताराम सखाराम मयेकर, वय त्र्याहत्तर, मूळ राहणार मालवण, अखेरचा मुक्काम क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया, कन्या सौ. मानसी हिच्या घरी.

मृत्यूचा वार व वेळ : गुरुवार, सकाळी सव्वाआठ. आज त्यास सहा आठवडे होत आहेत.

लिहिणार : रमाकांत भिकाजी सोनवणे, वय चोपन्न, मूळ राहणार चाळीसगाव, व्यवसाय अर्जलेखन, हल्ली मुक्काम सनीव्हेल, बंधूंच्या घरी.

साक्षीदार : एक, माझ्या वहिनी सौ. सुषमा, ज्यांनी मूळ अर्जाचे इंग्रजी केले. दोन, मयताची कन्या सौ. मानसी. तीन, श्रीमती लिम, नूडल्सच्या गाळ्याच्या मालकीण, ज्यांचा ठावठिकाणा आज लागत नाही.

बाब : श्रीमती लिम यांचा गाळा एका अर्जामुळे बंद पडला. तो अर्ज मयेकर काकांनी केला, अशी त्यांची आजही समजूत आहे. ती समजूत चुकीची असून, मयताचे नाव त्या दोषातून मोकळे व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

स्मृतिलेख असा सुरू करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले आणि पुढचे सर्व शिक्षण चाळीसगावच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, एका लाकडी पेटीमागे बसून झाले. अठ्ठावीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरविली. विहिरीची नोंद असो, रेशनकार्डातले नाव असो, सुनेने घराबाहेर काढलेली म्हातारी असो. माणूस रडत येई, आणि मी प्रथम त्याचे नाव, वय व वार विचारी. नावे व वार लिहिले म्हणजे रडणे आवरते, हा माझा अनुभव आहे. काकांच्या बाबतीत मीही तेच करून पाहिले. मात्र या खेपेस त्याचा उपयोग झाला नाही…

मानसीचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. येथे मी एका भारतीय किराणा दुकानात मागच्या बाजूस माल लावतो. हातात तूरडाळीची पिशवी होती. "रमाकांतकाका, बाबा गेले," एवढेच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि पिशवी तिच्या जागी नीट ठेवली, तिचे नाव दर्शनी बाजूस येईल अशी. नंतर कितीतरी वेळ मी त्या पिशव्या सरळ करीत राहिलो. अखेर दुकानाचे मालक येऊन म्हणाले, "सोनवणे, हो गया भाई, घर जाओ."

काकांची व माझी ओळख कामातूनच झाली. क्युपर्टिनोच्या बागेत सकाळी आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी फिरावयास येतात. मुले-सुना मोठ्या कंपन्यांत, नातवंडे शाळेत. मंडळींना कोणी विचारीत नाही अशातला भाग नाही, पण विचारतात ते इंग्रजीतून. मी येथे आल्यापासून या मंडळींचे कागद मीच पाहतो. काकांना मालवणच्या तलाठ्याकडे सातबाऱ्यावरील वारसनोंदीबाबत लिहावयाचे होते. मी तेथेच बाकावर बसून मसुदा केला. काकांनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मेल्या, तू एवढं सरकारी लिहितोस, तर घरी भाजी कशी मागतोस? विषयांकित भाजी सादर व्हावी?"

मी हसलो नाही. माझ्या लेखनाची थट्टा मला आवडत नाही, आणि काकांना ते लगेच कळले. "रागावू नको रे अर्जनवीस. चल, तुला शनिवारी एक वस्तू खायला घालतो. मिळाली तर."

ती वस्तू म्हणजे वाँटन नूडल्स. आणि "मिळाली तर" या दोन शब्दांत आमची पुढील पावणेतीन वर्षे सामावलेली आहेत.

ही वस्तू काकांच्या आयुष्यात कशी आली, ते सांगणे आवश्यक आहे. काका सिंगापूरच्या जहाजांच्या यार्डात वेल्डिंगचे फोरमन होते. पंधरा वर्षे. काकू व मानसी मालवणात. तेथे कॉफी शॉप म्हणून एक प्रकार असतो. नावाला कॉफीचे दुकान, पण कॉफीवाला एक आणि बाकी कोपऱ्यांतून पाचसहा जण आपापली चूल मांडून बसलेले. असेच पन्नास-शंभर गाळे एका छपराखाली आले, की त्यास हॉकर सेंटर म्हणतात. काका त्याचे वर्णन करीत की, एसटी स्टँडच्या एकाच कँटीनला दहा मालक आणि दहाही कामाला चोख, असे समज. पहिल्या संध्याकाळी काकांना तेथील भाषा येत नव्हती. त्यांनी शेजारच्या माणसाच्या ताटलीकडे बोट दाखविले. समोर आल्या त्या पिवळ्या, बारीक, अंड्याच्या नूडल्स, काळ्या सॉसमध्ये घोळलेल्या, वर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे काप, बाजूला हिरव्या पाल्याच्या दोन काड्या आणि लहान वाटीत वेगळे सूप. त्या सुपात पारीच्या आत सारण भरलेले, शेपूट सोडलेले नाजूक असे चारपाच वाँटन.

"तिसऱ्या आठवड्यानंतर गाळ्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं मला विचारणंच सोडलं," काका सांगत. "मी स्टुलावर टेकलो की समोर ताटली. तिखट जास्त, सूप वेगळं. अरे सोनवणे, त्या अख्ख्या गावात मला न विचारता वाढणारं ते एकच माणूस होतं."

ते मालवणास परत आले, काकू गेल्या, मानसीने त्यांना येथे आणले. आणि काकांनी अमेरिकेत त्या म्हाताऱ्याच्या हातासारख्या नूडल्सचा शोध सुरू केला, जो मी त्यांस भेटेपर्यंत एकट्याने चालला होता.

शनिवारी साडेदहाला काकांची जुनी गाडी आमच्या दारात येई. मानसीने त्यांना फ्रीवेवर, म्हणजे वेगवान महामार्गावर, जाण्यास बंदी केली होती. "बाबा, प्लीज, फ्रीवे घेऊ नका," असे ती दर खेपेस फोनवर बजावी, आणि काका म्हणत, "फ्रीवे कोण घेतंय? आम्ही गल्लीबोळातून जाणारी माणसं." एल कमिनोच्या रस्त्याने, प्रत्येक सिग्नलला थांबत, आम्ही सॅन मटेओ केले, सॅन होजे केले, एकदा तर आतल्या रस्त्यांनी थांबत थांबत ओकलंडपर्यंत गेलो. चिनी बाजारांच्या मागचे फूड कोर्ट, धुलाईच्या दुकानाला लागून असलेली कॉफी शॉपे, ज्यांच्या पाटीवर एकही ओळखीचे अक्षर नाही असे गाळे आम्ही पाहिले. मी प्रत्येक ठिकाणचा पंचनामा वहीत करीत असे, आणि काका तोंडी निकाल देत.

त्यांच्या कसोट्या कडक होत्या. ते आधी खात नसत, काचेपलीकडे पाहत. नूडल्स उकळत्या पाण्यात टाकून काही क्षणांत काढल्या पाहिजेत, लगेच गार पाण्यात बुचकळल्या पाहिजेत आणि पुन्हा एकदा गरम पाण्यात. ही गार पाण्याची पायरी जो गाळील त्याच्याकडे काका बसतच नसत. टेबलावर व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्यांची बरणी हवी. सूप वेगळ्या वाटीत हवे. एका ठिकाणी नूडल्स सुपातच बुडवून आल्या. काकांनी त्या आदराने खाल्ल्या. "ही हाँगकाँगची रीत. वाईट नाही. पण आपली केस वेगळी आहे." दुसऱ्या एका ठिकाणी काळ्या सॉसच्या जागी टोमॅटो केचप होते. "सोनवणे, हरकत नोंदव," काका म्हणाले आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. सॅन होजेच्या एका कॉफी शॉपात वाँटन अप्रतिम व नूडल्स लगदा. काका बराच वेळ विचारात पडले. "वाँटन पास, नूडल्स नापास. एटीकेटी दे."

मी स्वतः डुकराचे मांस खात नाही. त्यामुळे या सर्व कामात माझी भूमिका पंचाचीच होती. मी पाल्याच्या काड्या व कोरड्या नूडल्स खाऊन अभिप्राय देई. काकांनी त्यावरून मला कधी टोचले नाही.

साधारण दीड वर्षाने आम्हांस श्रीमती लिम सापडल्या.

गावाचे व जागेचे नाव मी लिहीत नाही. असा तपशील कागदावर उतरविल्याने काय होते, ते पुढे कळेल. एका चिनी किराणा बाजारास लागून मोठी शेड, आत दहाबारा गाळे. बेकरीच्या मागे, कोपऱ्यात, एक अरुंद गाळा. आत साठीच्या एक बाई, केस घट्ट बांधलेले, मनगटाला पट्टी. काका काचेपाशी उभे राहिले. बाईंनी नूडल्सचा झारा उकळत्या पाण्यातून काढला, गार पाण्यात बुचकळला, झटकला, पुन्हा गरम पाण्यात. काकांनी माझा दंड धरला.

"आंटी," ते म्हणाले, "ड्राय वन. चिली मोर. सूप सेपरेट."

बाईंनी मान वर केली. "यू फ्रॉम सिंगापूर, आ?"

"मालवण. सिंगापूर फिफ्टीन इयर्स."

"आय फ्रॉम इपोह," बाई म्हणाल्या. इपोह हे मलेशियातले गाव, असे काकांनी मला नंतर सांगितले. "सिंगापूर पीपल टॉक टू मच. सिट."

काकांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मी वही उघडून बसलो होतो. मग मीही एक नूडल उचलून दाताखाली धरली. ती तुटण्याआधी किंचित ताणली गेली, आणि तिला एक वास होता जो मला अनोळखी नव्हता. पापडखाराचा. माझी आई उन्हाळ्यात उडदाच्या पापडांचे पीठ कुटावयास घेई, तेव्हा आमच्या ओसरीत तोच वास असे. मी काकांस तसे सांगितले. काकांनी ते इंग्रजीत गाळ्याकडे पोहोचविले, "आंटी, हिज मदर ऑल्सो पुट सेम थिंग."

"देन ही अंडरस्टँड," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिले. मांसाचे काप मी बाजूला काढून ठेवले होते, वाँटनला हात लावला नव्हता. पुढल्या शनिवारी आम्ही टेकलो, आणि माझ्यासमोर जी वाटी आली तिच्यात कोळंबीचे वाँटन होते, निराळ्या भांड्यात उकडलेले. मी मागितले नव्हते. काकांनी माझ्या वाटीकडे पाहिले, मग आपल्या वाटीकडे, आणि म्हणाले, "बस्स. आता वही मिट."

पंचनामे तेथेच संपले. पुढे आठ-नऊ महिने आम्ही दर शनिवारी त्याच कोपऱ्यात बसलो. बाई काकांना "ओल्ड सिंगापूर" म्हणत आणि मला "पिकी फ्रेंड", म्हणजे खाण्यात निवडानिवड करणारा मित्र. नूडल्स त्या स्वतःच्या घरी, बहिणीच्या मदतीने, पहाटे उठून हाताने करीत. बाजारच्या नूडल्सना हात लावत नसत. हे त्यांनीच काकांस सांगितले होते, आणि काकांनी मला, अभिमानाने, जणू त्या मालवणातल्याच कोणी असाव्यात.

एके शनिवारी बाई गप्प होत्या. काकांनी खोदून विचारल्यावर कळले की, फूड कोर्टाचे व्यवस्थापन त्यांचा करार पुढे वाढविण्यास तयार नाही. तो कोपरा एका बबल-टीच्या दुकानास हवा होता.

परतताना गाडीत मीच म्हणालो, "काका, अर्ज करू."

"कसला अर्ज रे? इथं अर्जाला कोण विचारतो?"

"विचारणार कसे नाहीत? नीट केलेला अर्ज कुणालाही वाचावाच लागतो. माझ्या हातून सुटलेला अर्ज आजवर टोपलीत गेलेला नाही."

मला आज त्या वाक्याची लाज वाटते. परंतु त्या वेळी ते मी मनापासून म्हटले होते. या देशात आल्यापासून मी तूरडाळीच्या पिशव्या सरळ करीत होतो. माझी विद्या कोणाच्या कामी येईल अशी ही पहिलीच वेळ होती. बाईंनी मला न विचारता कोळंबी वाढली होती. मीही त्यांस न विचारता अर्ज करावयाचे ठरविले.

तीन रात्री बसून मी मसुदा केला. अर्जदार म्हणून प्रथम काकांचे नाव, कारण ते वयोवृद्ध व ग्राहक. त्याखाली बागेतल्या तेरा ज्येष्ठांच्या सह्या. मुद्दा क्रमांक एक, अर्जदारांची ओळख. दोन, श्रीमती लिम यांची सचोटी. तीन, त्यांच्या नूडल्सचे गुणवर्णन, आणि येथे मी हात सैल सोडला. "सदर महिला कारखान्यात तयार झालेला माल न वापरता, स्वतःच्या राहत्या घरी, पहाटे, स्वहस्ते नूडल्स व वाँटन तयार करून विक्रीसाठी आणतात, व असा प्रामाणिकपणा आजकाल दुर्मीळ आहे." मला ते वाक्य फार आवडले होते. चाळीसगावात असते, तर त्या वाक्याने तहसीलदारांचे डोळे पाणावले असते.

वहिनींनी अर्जाचे इंग्रजी केले. शेवटी, काउंटीचे म्हणजे येथील जिल्ह्याचे नाव आले तेथे, त्या थांबल्या.

"भावजी, हे खाली काय? कॉपी टू काउंटी?"

"प्रत. माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी, काउंटीच्या अन्न कार्यालयास."

"अहो, पण भांडण मॅनेजमेंटशी आहे ना? काउंटीला कशाला?"

"वहिनी, अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. वरच्या कार्यालयाला प्रत गेली नाही, तर खालचं कार्यालय कागद उचलत नाही. त्यांना कळलं पाहिजे की वर कुणीतरी पाहतंय."

"तुम्ही म्हणाल तसं. पण मला बरं वाटत नाहीये हं."

काकांनीही विचारले. सही करताना पेन थांबवून म्हणाले, "सोनवणे, ही काउंटीची काय भानगड?" मी त्यांना तेच उत्तर दिले, थोडे अधिक जोराने. ते म्हणाले, "तुझी लाइन तुला ठाऊक," आणि सही केली.

अर्जलेखकाची रीत अशी असते की, अर्जदार सही करतो आणि लिहिणारा शेवटी, कोपऱ्यात, लहान अक्षरांत "लिहिणार" म्हणून आपले नाव घालतो. वहिनींनी ती ओळ गाळली. इंग्रजी पत्रात तशी ओळ नसते, असे त्या म्हणाल्या. मला ते खटकले. माझ्या उत्तम अर्जावर माझे नाव राहणार नाही, याचे मला वाईट वाटले. आज त्या न लिहिलेल्या ओळीइतकी दुसरी कोणतीही ओळ मला टोचत नाही.

काउंटीस पाठविलेल्या प्रतीस उत्तर आले, आणि ते फार लवकर आले. कार्यालयाकडून एक तपासनीस बाई आल्या, मुद्दा क्रमांक तीनवर खूण केलेली ती प्रत हातात घेऊन. या देशात घरी केलेले असे अन्न गाळ्यावर विकता येत नाही. ते परवाना असलेल्या स्वयंपाकघरातच तयार व्हावे लागते. हा नियम आहे, आणि तो चुकीचा आहे असेही मी म्हणत नाही. त्या तपासनीस बाईंनी आपले काम केले. गाळ्याच्या काचेवर कागद लागला. व्यवस्थापनास जे कारण हवे होते, ते मी माझ्या उत्तमोत्तम वाक्यात, सह्यांसह, त्यांच्या हाती दिले होते.

शनिवारी आम्ही गेलो, तेव्हा शेजारच्या बेकरीवाल्याने हे सर्व सांगितले. काकांनी खिशातून आमच्याकडची प्रत काढली, मुद्दा क्रमांक तीन वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी केली.

"काका, ते गुणवर्णन होतं," मी म्हणालो.

"होय रे."

"मला कळलं नाही."

"मलाही नाही कळलं. मी वाचून सही केली." घडी खिशात ठेवून म्हणाले, "चल. मानसी वाट बघत असेल."

एल कमिनोवर त्या दिवशी सर्व सिग्नल लाल लागले, असे माझ्या स्मरणात आहे. कदाचित तसे नसेलही.

पुढचे तीन शनिवार काकांची गाडी आली नाही. मी तयार होऊन दारात बसत असे. वहिनी म्हणत, "भावजी, फोन करा की." मी केला नाही. चौथ्या शनिवारी साडेदहाला गाडी आली. काकांनी काच खाली केली. "बस. शोधायला हवं."

मला वाटले, त्यांनी मला क्षमा केली आणि आम्ही पुन्हा नूडल्स शोधावयास निघालो. मी वही काढली. पण त्या वेळच्या फेऱ्यांत एक फरक होता, जो माझ्या लक्षात येऊनही मला उमगला नाही. काका काचेपलीकडे पाहत, पण झाऱ्याकडे नव्हे, मागे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे. मग गल्ल्यावरच्या पोरीला विचारीत, "एनी लेडी वर्किंग हिअर, फ्रॉम इपोह?" पोरगी मान हलवी. काका नूडल्स मागवीत, अर्ध्या ठेवीत. निकाल देत नसत. मी म्हणे, "काका, एटीकेटी?" ते म्हणत, "लिही तुला हवं ते."

मग त्यांचे पोट दुखू लागले. पुढील वैद्यकीय तपशील मी लिहीत नाही, तो सर्वत्र सारखाच असतो. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना खाता येत नव्हते. शनिवारी मी एकटाच बसने एखाद्या ठिकाणी जाई, खाई, आणि संध्याकाळी त्यांच्या पलंगाशेजारी बसून अहवाल देई. शेवटचा अहवाल मला स्मरतो.

"नूडल्स मऊ होत्या काका. गार पाण्यात घालत नाहीत."

"मागे कोण होतं?"

"एक तरुण होता."

"बाई नव्हती?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, त्यांना हाताचा फरक कळून घ्यावयाचा आहे. पुरुषाचा हात, बाईचा हात… मी त्यावर थोडे बोललोही. ते ऐकत राहिले.

तेराव्याचे जेवण येथे सोयीच्या रविवारी करतात. मंडळी पांगल्यावर मानसी ओट्याशी डबे भरीत होती. मी तिला म्हणालो, "शेवटपर्यंत काकांच्या डोक्यात त्या नूडल्सच होत्या." तिने हातातला डाव खाली ठेवला.

"नूडल्स? काका, तुम्हाला बाबांनी सांगितलं नाही का?"

"काय?"

तिने सांगितले, ते असे. गाळा बंद झाल्यावर श्रीमती लिम सामान नेण्यास आल्या होत्या. बेकरीवाल्याने काकांस तो दिवस कळविला होता. मधला वार होता. काकांनी मानसीला ऑफिसातून सुट्टी घ्यावयास लावली आणि फ्रीवेने नेण्यास सांगितले. बाई भांडी खोक्यांत भरीत होत्या. काका समोर उभे राहिले आणि म्हणाले, "आंटी, दॅट लेटर. आय रोट. माय मिस्टेक."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "यू," त्या म्हणाल्या. "एव्हरी सॅटर्डे यू ईट. अँड यू रोट."

काकांनी कोणतेही स्पष्टीकरण दिले नाही. त्यांनी दोन जड पातेली उचलून बाईंच्या गाडीपर्यंत नेली. बाईंनी ती घेतली, दार लावले, आणि त्या निघून गेल्या.

"मी बाबांना गाडीत म्हटलं," मानसी म्हणाली, "की हे सोनवणेकाकांनी लिहिलं ना? तुम्ही का स्वतःवर घेतलंत? तर म्हणाले, त्याचं नाव नाही त्या कागदावर. नसू दे. त्या माणसाला अर्जाशिवाय दुसरं काय येतं? तेही हातातून गेलं, तर तो या देशात करील काय?" तिने डब्याचे झाकण लावले. "पण नंतर त्यांना ते सहन होईना. आंटीला पुन्हा एकदा भेटायचं होतं त्यांना. म्हणून तुम्हाला घेऊन फिरत होते. नूडल्स त्यांना पचतही नव्हत्या हो तेव्हा."

मी तिच्या ओट्याशी उभा होतो. मानसीने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "काका, बसा थोडं."

तेव्हापासून मी कोणाचाही अर्ज लिहिलेला नाही. बागेतली मंडळी विचारतात. मी प्रकृतीचे कारण सांगतो. शनिवारी मात्र मी बाहेर पडतो. बसने जातो, दोन बस बदलून. काचेपलीकडे झारा पाहतो, मग झाऱ्यामागचा चेहरा. "ड्राय वन, सूप सेपरेट," हे मला आता अडखळत का होईना, म्हणता येते. काकांची गाडी मानसीने विकली नाही. ती तिच्या घरापुढे उभी असते. दर शनिवारी साडेदहाला मी पायांत वहाणा घालून दारात उभा राहतो.

आता मूळ विनंती.

अंकाची ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी अनेकजण क्युपर्टिनो, फ्रीमाँट, मिल्पिटस व त्याही पलीकडे राहतात, आणि आपल्या मुलांमुळे का होईना, अशा गाळ्यांवर जातात. आपणांस कोठे अशा नूडल्स मिळाल्या, ज्या तुटण्याआधी किंचित ताणल्या जातात व ज्यांस आपल्या पापडांच्या पिठाचा वास येतो, तर कृपया वळून मागे पाहावे. साठीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, डाव्या मनगटास पट्टी. त्यांचे तेथील काम आता नियमानुसार परवान्याच्या स्वयंपाकघरात चालले असेल, अशी माझी मनोमन प्रार्थना आहे. त्यांची कोठेही तक्रार करू नये. फक्त पुढील मजकूर त्यांस वाचून दाखवावा, ज्या भाषेत आपणांस साधेल त्या भाषेत.

श्रीमती लिम यांचे सेवेशी,

ओल्ड सिंगापूर या नावाने आपण ज्यांस ओळखत होतात, ते दत्ताराम मयेकर वारले. ज्या अर्जामुळे आपला गाळा बंद झाला, तो त्यांनी लिहिलेला नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, एवढाच त्यांचा भाग. त्यातील प्रत्येक शब्द, ज्या ओळीने आपले नुकसान झाले ती ओळ, आणि काउंटीस प्रत पाठविण्याचा निर्णय, हे सर्व माझे आहे. त्यांनी व माझ्या वहिनींनी शंका काढली असता मी ऐकले नाही. आपल्यासमोर त्यांनी ते स्वतःवर घेतले, कारण माझ्याजवळ दुसरे काही नाही, हे त्यांस ठाऊक होते. तरी विनंती की, आपल्या मनात त्या दोषापुढे त्यांचे नाव लिहिलेले असल्यास ते खोडावे, व त्या जागी माझे, रमाकांत भिकाजी सोनवणे, पिकी फ्रेंड, असे लिहावे. त्याबद्दल आपण जो निर्णय द्याल, तो मला मान्य राहील. आपण म्हणाल त्या दिवशी मी समक्ष हजर होईन.

क्षमा मागण्याचा माझा हक्क नाही, म्हणून ती मागत नाही. परंतु मयेकरांचे नाव खोडले, एवढे उत्तर मिळावे. एका ओळीचे असले तरी चालेल. ते मी मानसीला वाचून दाखवीन.

लिहिणार : रमाकांत भिकाजी सोनवणे.